तळाची तबकडी

रविवारी दुपारी शालिग्राम चिखलीच्या एसटीत चढला, की कंडक्टर आधीच हात जोडायचा. "बसा बाबा, बसा. मी काही तुमच्या पिशवीले हात लावत नाई." एकदा त्याने लावला होता. भाजीची पिशवी समजून वर टाकायला गेला, आणि शालिग्रामने भर एसटीत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एरवी हा माणूस गरीब. वांगी, मिरच्या, मेथी पिकवावी, बाजारात न्यावी, कोणी मापाबद्दल कुरकुरलं तर मूठभर जास्त टाकावं, असा. पण त्या खाकी पिशवीत तबकड्या असायच्या. चावीच्या बाजावर, म्हणजे ग्रामोफोनवर, वाजणाऱ्या, काळ्याभोर, थाळीएवढ्या, आणि हातातून सुटली की खापराचे तुकडे. जुन्या लुगड्याच्या घडीत एकेक गुंडाळून तो ती पिशवी मांडीवर घेऊन बसायचा. रस्त्यात खड्डा आला की ड्रायव्हरकडे असा बघायचा, जसा काही तो खड्डा ड्रायव्हरनेच खणून ठेवला होता.

उन्हाळ्यात तर विचारूच नका. उन्हाने तबकडी वाकते, म्हणून हा पठ्ठ्या तबकड्या गव्हाच्या कणगीत पुरून ठेवायचा. बायको रुखमाबाई दळणाचा गहू काढायला गेली की आधी भजन हाती लागायचं, मग गहू. "सासूबाईनं सोनं पुरून ठेवलं असतं त काही वाटलं नसतं," ती म्हणायची, "पन हे काय पुरलं? वाजत नाई, शिजत नाई!" शालिग्राम ऐकून घ्यायचा. वाजत नाही हे तर खरंच होतं. तबकड्या याच्या घरात होत्या, आणि बाजा नव्हता. ते कसं, ते सांगतो. आधी चिखलीला पोचू द्या.

महाराष्ट्र होऊन पाच-सात वर्षं झाली होती. चिखलीत ज्याच्या त्याच्या ओट्यावर रेडिओ येऊन बसला होता आणि चावीचे बाजे माळ्यावर चढत होते. भगवानराव अडत्यांना मात्र ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. रविवारी अडत बंद. त्या बंद अडतीत, ज्वारीच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, भगवानराव आपला मोठ्या कर्ण्याचा बाजा मांडायचे. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, कसा गोल येतो, असं त्यांचं म्हणणं. रेडिओचं नाव काढलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"रेडिओ म्हनजे खानावळीचं जेवन. ते वाढतीन ते खा."

"मंग माह्या खानावळीत काऊन येता हो दर बुधवारी?" तानाबाई विचारायची.

ही तानाबाई म्हणजे बसस्टँडसमोरच्या खानावळीची मालकीण. साठीची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि जिभेवर ठेचा. तिच्याजवळ दोनच तबकड्या होत्या, पण चौघांत सगळ्यात जास्त हक्क ती गाजवायची. चौथे वामनराव मास्तर. शाळेतून रिटायर झालेले, कानाने थोडे कमी, म्हणून कर्ण्याच्या तोंडाशीच बसायचे.

या बैठकीचे नियम दोन. पहिला, आधी आठवण, मग गाणं. ज्याची तबकडी त्याने आधी सांगायचं, ही कुठून आली, पहिल्यांदा कधी ऐकली, तेव्हा कोण बाजूला होतं. आठवण नाही तर गाणं नाही. "नुसतं गानं त पाव्हन्याच्या पोरालेही आवडते," भगवानराव म्हणायचे. दुसरा नियम, एका बैठकीत एक तबकडी एकदाच. कितीही डोळ्यांत पाणी येवो, पुन्हा नाही. सुई तबकडीला खाते, आणि खाल्लेली तबकडी काही पुन्हा उगवत नाही, हे त्यांचं त्यावरचं कारण.

तानाबाईची आठवण सगळ्यांना पाठ होती, तरी दर वेळी नव्याने हसू यायचं. तिच्या लग्नात बँडवाले आलेच नाहीत. मामाने मग शेजाऱ्याचा फोनो आणून बैलगाडीत ठेवला आणि वरात गाडीमागे निघाली. गाडीचं चाक दगडावर गेलं की सुई उडायची आणि गाणं मागे जायचं. "नवरदेव तालावर चाले ना हो! गानं मागं गेलं की तो बी मागं सरके. मारुतीपासून मांडवापर्यंत यायले दिवस बुडाला." आणि मग ते गाणं लागायचं, आणि ती पदर तोंडाला लावून हसायची, आणि हसता हसता डोळे पुसायची.

वामनराव मास्तरांची गोष्ट उलटी. तबकडी एकच, आठवण दर रविवारी वेगळी. कधी ती अमरावतीच्या बोर्डिंगात ऐकलेली असायची, कधी सासुरवाडीला, कधी मेहकरच्या जत्रेत. "मास्तर, तुमी एकाच बायकोशी लगन केलं ना? का त्याच्याही तीन आठवनी हायेत?" तानाबाई ओरडून विचारायची, आणि मास्तरांना नेमकं तेवढं ऐकू यायचं नाही.

आणि शालिग्राम? शालिग्राम आठवण सांगायचा ती अशी : "ही थाळी आमच्याकडच्या एका मानसानं आनली. आमच्या गावात नाटक आलं व्हतं, पन मले गोवर निघाला. मी लहान. रडून रडून जीव चालला. मंग तो एक मानूस म्हने, रडू नको, नाटकच घरी आनतो. आन् शेगावाहून ही थाळी घेऊन आला." किंवा, "या गान्यावर एक जन असा मान हलवे, का त्याचा पटका सुटून जाये." तबकडी कोणतीही असो, तिच्यात हा 'एक माणूस' असायचाच. त्याला नाव नव्हतं, नातं नव्हतं.

"हा एक मानूस कोन व्हय बे?" तानाबाईने एकदा विचारलं होतं.

"हाये एक," शालिग्राम म्हणाला आणि त्याने सुई बदलायला घेतली.

तो एक माणूस म्हणजे त्याचा थोरला भाऊ, उकंडराव. सख्खा. एका भिंतीपलीकडे राहणारा. आठ-नऊ वर्षांत दोघांत एका शब्दाची देवघेव झाली नव्हती.

भांडण कशावरून झालं म्हणाल, तर विहिरीवरून. धाकटा म्हणाला, इंजिन बसवू. थोरला म्हणाला, बाने मोटेवर मळा केला, आपल्याला काय धाड भरली? शब्दाला शब्द लागला. वाटण्या निघाल्या. आता त्याच विहिरीवर इंजिन आहे, थोरल्यानेच पुढे बसवलं, आणि दोघे पाळीपाळीने पाणी घेतात, न बोलता. म्हणजे भांडणाचं कारण केव्हाच संपलं, भांडण तेवढं उरलं. असं होतं घराघरात. नवल काही नाही.

वाटणीला शेजारच्या गावचा एक पंच आणला होता. त्याने शेत वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. शेवटी पुढे आला बाजा आणि तबकड्यांची पेटी. त्या पंचाला गाण्याचं अंग बैलाइतकंसुद्धा नव्हतं. त्याने दोन्ही वस्तू मांडीला मांडी लावून ठेवल्या, बघितल्या, आणि म्हणाला, "बाजा थोरल्याले, थाळ्या धाकट्याले. झालं बराबर!"

आता सांगा! असा न्याय कुठे ऐकलाय? एकाला तोंड दिलं, दुसऱ्याला घास. तिथं कोणीतरी हसायला हवं होतं. एक जण जरी हसला असता तरी ती वाटणी तिथंच मोडली असती. पण दोघे भाऊ गाल फुगवून बसले होते. थोरला मनात म्हणाला, थाळ्या काय चाटणार आहे? आठ दिवसांत येईल बाजा मागायला. धाकटा मनात म्हणाला, रिकाम्या बाजाची काय पूजा करणार? आठ दिवसांत येईल थाळी मागायला. कोणीच गेलं नाही. अंगणात छातीइतकी मातीची भिंत उभी राहिली.

बायकांनी मात्र या प्रकरणात भाग घेतला नाही. रुखमाबाईकडे ताक झालं की तांब्या भिंतीवर ठेवायचा, उकंडरावाची गोजरबाई तो उचलायची आणि त्याच जागी लोणच्याची वाटी ठेवायची. पोरं तर भिंत आहे हे विसरूनच गेली होती. दोघे भाऊ तेवढे ती भिंत सांभाळून होते.

आणि रोज दिवेलागणीच्या आधी पलीकडून आवाज यायचा. कर्रर, कर्रर, कर्रर. चावी दिल्याचा. मग बराच वेळ नुसतं घरघर फिरणं. गाणं नाही, काही नाही, रिकामा बाजा आपला फिरतोय. शालिग्राम ओट्यावर बसून ऐकायचा आणि आतल्या आत जळायचा. "पाह्य, पाह्य कसा खिजवते मले! दाखोते, का बाजा माह्यापाशी हाये." रुखमाबाई काही बोलायची नाही. पण हे जळणं वेगळं होतं. जो माणूस रोज चिडवतो, तो एखादा दिवस चिडवायला आला नाही तर जिवाला चैन पडू नये, तसलं. एकदा उकंडराव तापाने पडला होता, तर चार दिवस चावीचा आवाज आला नाही. शालिग्रामला चार दिवस भाकरी गोड लागली नाही. विचारायला मात्र गेला नाही. बायकोलाच म्हणाला, "तांब्या ठेवशीन तवा जरा इचारजो, ताप उतरला का म्हनून."

तर ही अशी गत. पिशवीचं आता सांगतो. शालिग्राम दर रविवारी पिशवीत तीन तबकड्या न्यायचा आणि दोनच वाजवायचा. तिसरी तळाशी असायची, तीन पदर लुगड्यात गुंडाळलेली, आणि तशीच परत यायची. त्या तबकडीची आठवण सांगायची तर 'एक माणूस' म्हणून भागण्यासारखं नव्हतं. तिथं नाव घ्यावंच लागलं असतं. आणि नाव घ्यायचं म्हणजे मान खाली घालायची. म्हणून त्याने ते गाणं वाटणीपासून ऐकलं नव्हतं. नेणं मात्र चुकवलं नव्हतं. हेही येडेपणच. पण गाण्याच्या नादी लागलेल्या माणसात शहाणा शोधायला जाल तर चिखलीचा बाजार उठून जाईल.

तानाबाईच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. तिने काही वर्षं नुसतं पाहिलं. मग एका रविवारी ती आली ती सांगतच आली, की खानावळ विकली. लेक अकोल्याला होती, ती न्यायला येणार होती. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन राह्यली मी. आता आजचा हा आखरी रविवार."

भगवानरावांनी चष्मा काढून पुसला. मास्तरांना पहिल्यांदाच एका झटक्यात सगळं ऐकू आलं.

"रडगानं नको," तानाबाई म्हणाली. "मले निरोपाचं काही देऊ नका. लुगडं नको, नारळ नको. मले फक्त याच्या पिशवीतली तळची थाळी ऐकाची हाये."

शालिग्रामच्या हातातली सुयांची डबी खाली पडली. सुया पोत्यांत गेल्या.

"कोनती तळची?"

"जे तू इथपर्यंत आनते आन् परत नेते, ते. मी काय आंधळी हाये का? लेकराले जत्रा दाखवाले आनल्यावानी आनते तू तिले. काढ."

"तिची आठवन सांगा लागन," भगवानराव हळूच म्हणाले.

शालिग्राम पोत्यांत पडलेल्या सुया वेचायला वाकला. बाहेर रस्त्यावरून घुंगरांच्या बैलांची एक गाडी गेली. त्याच्या मनात आलं, ही बाई उद्या जाईल. मास्तर सत्तरीला आले. आज नाही सांगितलं तर ही तबकडी कणगीतच राहील आणि आपणही जाऊ. त्याने पिशवीत हात घातला. लुगड्याचे पदर सोडले. लाल कागदाची, नाव पुसून गेलेली तबकडी त्याने मांडीवर ठेवली. तिच्यावर एका बाईचं गाणं होतं, कृष्णाच्या खोड्यांचं.

"ही थाळी," तो म्हणाला. "ही थाळी माह्या दादानं घेतली."

तानाबाईने मास्तरांकडे बघितलं.

एकदा नाव घेतलं आणि मग त्याचं बोलणं थांबेना. कसा दादा खामगावला कापूस घेऊन निघाला, कसा हा सात-आठ वर्षांचा मागे लागून गाडीत बसला. कापूस विकल्यावर दादाने दुकानात उभं राहून अर्धा दिवस गाणी ऐकली आणि त्यातून ही एक निवडली. परतताना रिकाम्या गाडीत कडबा अंथरला होता, हा त्यावर झोपला. अंधार पडायच्या आधी नाल्यात गाडी कलंडली. "मी झोपीत. मले काही समजलं नाई. डोळे उघडले त दादा चिखलात, आन् ही थाळी साबूत. दादाचा उजवा हात मोडला. थाळीपायी! थाळी वाचवाची म्हनून हात गाडीखाली देल्ला. बा लय बोलला त्याले. म्हने, गान्यापायी हात मोडून घेनारा येडा माह्याच पोटी यायचा व्हता. ते कोपर वाकडं राह्यलं ते आजपर्यंत वाकडंच हाये." त्याने तबकडीच्या कडेवरून बोट फिरवलं. "असा मानूस हाये तो. थाळीवर इतका जीव. आन् त्याच्या हातून मी थाळ्या घेऊन आलो."

भगवानरावांनी तबकडी घेतली, बाजावर ठेवली, नवी सुई लावली आणि चावी द्यायला घेतली. एक फेरा, दोन फेरे, तीन. आणि पेटीच्या पोटात फाडकन आवाज झाला. चावी त्यांच्या हातात गरगर मोकळी फिरायला लागली. कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटली होती.

"आरे देवा!" मास्तर म्हणाले. त्यांनाही ऐकू आलं, म्हणजे बघा.

भगवानरावांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं चाललेला बाजा, आणि आज! शालिग्रामला तर वाटलं, झालं, आपल्या नशिबात हे गाणंच नाही. त्याने तबकडी उचलून लुगड्यात गुंडाळायला घेतली.

"थांब," तानाबाई उठली. "तुह्या दादापाशी बाजा हाये ना?"

"हाये, पन..."

"चालते का?"

"रोज फिरवते तो. मले खिजवाले. पन तानाबाई, आमी बोलत नाई."

"तू नको बोलू. मी बोलतो. मले उद्या जायाचं हाये, तुमची आठ-नऊ वर्षं मोजत बसाले मले टाइम नाई. भगवानराव, छकडा जुंपा."

छकड्यात चौघे बसले. वाटेत तानाबाई मास्तरांना खामगावची गोष्ट पुन्हा ओरडून सांगत होती. शालिग्राम पिशवी मांडीवर घेऊन बसला होता आणि देवाला म्हणत होता, की दादा घरी नसो, मळ्यात असो, पाव्हण्याकडे गेला असो. आणि लगेच म्हणत होता, की असो, असो बाबा, घरीच असो.

उन्हं उतरली होती. छकडा अंगणात सुटला तेव्हा पलीकडून नेमका तो आवाज चालू होता. कर्रर, कर्रर. रुखमाबाई चार माणसं बघून गडबडली, डोक्यावरचा पदर ओढून आत चहाला पळाली. तानाबाई भिंतीकडे निघाली, पण शालिग्रामने तिच्या पुढे पाय टाकला. आपल्या भावाला दुसऱ्याने हाक मारावी, हे त्याला एकदम लाजिरवाणं वाटलं. तो भिंतीला छाती लावून उभा राहिला. पलीकडे ओट्यावर उकंडराव बाजापुढे उकिडवा बसला होता. केस पार पांढरे झालेले. एवढे पांढरे कधी झाले?

छकड्यात त्याने बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"दादा," तो म्हणाला. "बाजा हाये का?"

उकंडरावाने मान वर केली.

"हाये त," तो म्हणाला. "थाळ्या हायेत का?"

"हायेत त."

एवढंच. आठ-नऊ वर्षांचं कुलूप एवढ्याशा किल्लीने उघडलं, आणि दोघांनाही ते इतकं सोपं निघालं म्हणून रागच आला.

"मंग आन ना इकडं," उकंडराव म्हणाला.

"तू आन इकडं. पाव्हने माह्या घरी हायेत."

"बाजा जड हाये. थाळी हलकी हाये."

पुन्हा जुंपणार, असं दिसलं. तेवढ्यात गोजरबाई आतून आली. तिने बाजा उचलला, चार पावलं चालली आणि भिंतीवर ठेवला, तिथं, जिथं रोजचा ताकाचा तांब्या आणि लोणच्याची वाटी बसून माती गुळगुळीत झाली होती. बाजा तिथं असा बसला, की हलायचं नाव नाही.

"आता दोघंही आपापल्या घरी राहा आन् ऐका," ती म्हणाली.

उकंडराव भिंतीशी आला. भगवानरावांनी बाजाभोवती एक चक्कर टाकली, चाक फिरवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कमान कशी लोन्यावानी चालते हो! काय करता काय?"

"रोज चावी देतो आन् पुरी उतरू देतो. तेल घालतो. कमान बसून राह्यली त गंजते, भरून ठेवली त तुटते." उकंडरावाने धाकट्याकडे न बघता पुढचं सांगितलं. "म्हटलं, याले कधी अक्कल आली, थाळ्या घेऊन आला, आन् बाजा बंद निघाला, त काय तोंड दाखवाचं?"

शालिग्रामला वाटलं, कोणीतरी आपल्या थोबाडीत मारावी. रोज संध्याकाळी तो ज्या आवाजाने जळत होता, त्या आवाजात त्याचीच वाट बघणं चाललं होतं.

"तुमालेच पाहाचं व्हतं," तानाबाई मध्ये पडली. "गान्यापायी हात मोडून घेनारा मानूस! आमाले याने आज सांगतलं. थाळी वाचवाले तुमी हात गाडीखाली देल्ला म्हने."

उकंडराव हसायला लागला. असा हसला की त्याचा पटका खरंच सुटला.

"कोन म्हनते? थाळीपायी हात मोडाले मी काय येडा हाये का बाई? थाळी त मी कडब्यात फेकून देल्ली व्हती."

"मंग?" शालिग्राम म्हणाला.

"मंग काय? चाक दगडावर चढलं आन् तू झोपीत घरंगळला. खाली चाक. थाळी फेकली आन् तुह्या सदऱ्याले धरलं. तुले वढलं बाहेर, पन गाडी हातावर आली." त्याने वाकडं कोपर सहज चोळलं. "थाळी आपली कडब्यात पडली म्हनून वाचली. तिचं नशीब."

रुखमाबाई चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली ती तशीच.

"बा त म्हने, थाळीपायी मोडला," शालिग्राम कसाबसा म्हणाला. "जल्मभर म्हने. तू काऊन बोलला नाई?"

"बाले मीच तसं सांगतलं. पोरगं चाकाखाली जाता जाता वाचलं म्हटलं असतं, त बानं तुले पुन्हा गाडीत बसू देल्लं असतं का? आन् तू त खामगावच्या नावानं वर्षभर रडे. म्हटलं, जाऊ दे, बाचं बोलनं ऐकून घेईन." मग त्याला भिंतीपाशी जमलेल्या सगळ्यांची नजर जड झाली असावी. "थाळी लावता का आठवनीच चाटता? आन बे इकडं."

शालिग्रामने तबकडी काढून दिली. उकंडरावाने ती धोतराच्या सोग्याने पुसली, दोन्ही बाजूंनी फुंकली आणि चाकावर ठेवली. चावी तो डाव्या हाताने द्यायचा. उजवा हात पुरता फिरत नव्हता. हे शालिग्रामने हजारदा पाहिलं होतं, पण आज त्याला ते बघवेना आणि नजरही काढता येईना.

सुई टेकली. थोडी खरखर, आणि मग त्या बाईचा आवाज भिंतीवरून दोन्ही अंगणांत उतरला. भगवानरावांनी डोळे मिटले. मास्तर कान पुढे करून चक्क भिंतीवर ओणवे झाले. तानाबाई मान हलवत होती, पलीकडे गोजरबाई ओट्याला टेकून ऐकत होती, आणि उकंडरावाचा पटका खांद्यावर लोंबत होता. शेजारपाजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. जी चीज ऐकायला शालिग्रामचा जीव इतकी वर्षं तळमळला, ती चांगली तीन मिनिटं वाजली, आणि तो सगळा वेळ एका वाकड्या कोपराकडे बघत उभा राहिला.

गाणं संपलं. सुई मधल्या कागदाशी येऊन खर्र खर्र करायला लागली.

"उचल ना बे सुई," उकंडराव म्हणाला. "झोपला का पुन्हा?"

"दादा," शालिग्राम म्हणाला, "मले काहीच ऐकू नाई आलं. पुन्हा लाव."

भगवानरावांनी डोळे उघडले. "पुन्हा नाई, शालिग्राम. एक थाळी एकदाच. आपला..."

"भगवानराव, हे तुमची अडत नाई," तानाबाई म्हणाली. "हे भिंत हाये. इथं मालक दोन हायेत, त गानंही दोनदा होईन."

उकंडरावाने सुई उचलून मागे नेली आणि चावीला डावा हात घातला. तेव्हा शालिग्रामने भिंतीवरून हात लांब करून तो हात धरला.

"थांब. चावी मी देतो."

उकंडरावाने चावी सोडली. "सांभाळून दे," तो म्हणाला. "लय ताणू नको. जुनी कमान हाये."